दुसरी सही

आमच्या धंद्यात स्वतःचं असं कुणी फारसं लिहीत नाही, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर पटत नाही. त्याला वाटतं, ही मंडळी दिवसभर डोकं चालवतात. आम्ही दिवसभर शोधतो. हे काम आधी कुणीतरी केलं असणार, कुठेतरी लिहून ठेवलं असणार. ते उचलायचं, आपल्याकडे चिकटवायचं, नावं बदलायची आणि चाललं तर गप्प बसायचं. का चाललं, हे विचारायचं नाही. हल्ली तर शोधायचेही कष्ट नाहीत. यंत्राला विचारलं की ते नम्रपणे आणि ठामपणे काहीही सांगतं. पण आमच्या कंपनीचे सर्व्हर कसे लावलेत, कुठल्या लॅबचा रिपोर्ट कुठे अडकतो आणि अडकला तर काय करायचं, हे त्या यंत्राला माहीत नव्हतं. ते रघुनंदन अण्णांना माहीत होतं आणि त्यांनी ते लिहून ठेवलं होतं.

आमची कंपनी मारतहळ्ळीला. रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. पेशंटचा रिपोर्ट बनवायचा, पाठवायचा आणि जपून ठेवायचा. अण्णा तिथे पहिल्या दिवसापासून होते. वय छप्पन्न, म्हणजे आमच्या ऑफिसच्या हिशेबाने भीष्माचार्यच. त्यांचे पूर्वज शहाजीराजांच्या काळात इकडे कानडी मुलुखात आले आणि इकडचेच झाले. घरात मराठी, पण असं मराठी की पहिल्या आठवड्यात मला हसू आवरत नव्हतं. मी साताऱ्याची, त्यामुळे मराठी म्हणजे आपल्या बापाची जहागीर अशी माझी समजूत. ते 'थोडं' म्हणायच्या ऐवजी 'स्वल्प' म्हणत आणि 'ठीक आहे'च्या जागी 'सरी'. महिन्याभरात मीही 'सरी' म्हणायला लागले.

त्यांच्या संग्रहात चारशे बारा टिपणं होती. जो कोडचा तुकडा आम्हाला वरचेवर लागतो, जी कमांड कुणाच्या लक्षात राहत नाही, जे काम वर्षातून एकदाच येतं आणि आलं की सगळ्यांची धांदल उडते, त्या प्रत्येकाचं एक टिपण. वर लिहिलेलं, काय अडलं आहे. खाली, काय करायचं. त्याच्या खाली, काय केलं तर वाट लागेल. आणि सगळ्यात शेवटी दोन सह्या. सह्या म्हणजे नावाची आद्याक्षरं, मशीनचं नाव आणि तारीख. पहिली सही लिहिणाऱ्याची. दुसरी सही दुसऱ्या माणसाची, दुसऱ्या मशीनवर. दुसरी सही नसलेलं टिपण संग्रहात जात नसे.

ती दुसरी सही कशी मिळायची, हे सांगायला हवं. टिपण लिहिणारा आणि ते पडताळणारा शेजारी शेजारी बसत. पडताळणाऱ्याने फक्त कागदावर आहे तेवढंच करायचं. लिहिणाऱ्याने तोंड मिटून बसायचं. काहीही झालं तरी एक शब्द बोलायचा नाही, मान हलवायची नाही. पहिल्यांदा मी बसले तेव्हा तिसऱ्याच ओळीला अडले आणि विचारलं, "अण्णा, इथे काय टाकू?" अण्णा पंख्याकडे बघत राहिले. पुन्हा विचारलं. त्यांनी पेन्सिल काढली आणि स्वतःच्या कागदावर लिहिलं, 'तिसऱ्या ओळीला अडली.' मला वाटलं, माझे गुण कापले. नंतर कळलं, त्यांनी स्वतःचे कापले होते. वाचणारा अडला म्हणजे लिहिणारा चुकला, असा त्यांचा कायदा होता. त्यांनी टिपण चार वेळा नव्याने लिहिलं आणि पाचव्यांदा मी न अडखळता शेवटपर्यंत पोचले, तेव्हा ते पहिल्यांदा बोलले. "सरी. आता कर सही."

ऑफिसात या प्रकाराची यथेच्छ टिंगल व्हायची. 'अण्णांचं मौनव्रत' म्हणायचे. एका टिपणाला तासभर जायचा आणि ज्यांना तास जड व्हायचा ते पळवाटा काढायचे. मी पळत नसे. मला कामाची फार हौस होती असं नाही. अण्णा मला आवडायचे, आणि त्यांच्या शेजारी बसलं की आपण कुणीतरी जबाबदार माणूस आहोत असं वाटायचं. हळूहळू सगळ्या दुसऱ्या सह्या माझ्याच होऊ लागल्या. 'सं. दे.' ही अक्षरं संग्रहात दीडशे ठिकाणी होती.

इतकं सगळं लिहून कशाला ठेवता, असं मी एकदा विचारलं होतं. कॉफी पिताना त्यांनी सहज सांगितलं, पण ते सहज नव्हतं. त्यांचे वडील भीमाचार्य शाळेत संस्कृत शिकवत. साठाव्या वर्षापर्यंत माणूस म्हणजे चालता कोश. एकसष्टाव्या वर्षी संध्या करताना ते मध्येच थांबले आणि पुढचं आठवेना. घरच्यांनी मनावर घेतलं नाही. सहा महिन्यांनी गांधी बझारातून घरी यायची वाट विसरले. शेवटी शेवटी मुलाला 'मास्तर' म्हणून हाक मारत. "तेव्हा मी ठरवलं," अण्णा म्हणाले, "जे मला येतं ते डोक्यात ठेवायचं नाही. आणि लिहिलेलं बरोबर आहे की नाही, हे माझं मी ठरवायचं नाही."

पंचावन्न ओलांडल्यापासून ते स्वतःवर नजर ठेवून होते. चष्मा कुठे ठेवला ते आठवलं नाही तरी चेहरा उतरायचा. आपल्याला हसून सोडून देता येणारी गोष्ट त्यांना हसून सोडता येत नव्हती. हे मला माहीत होतं. हे मला पक्कं माहीत होतं, हे इथेच लिहून टाकते, म्हणजे पुढे सबब सांगायला जागा राहणार नाही.

एप्रिलमध्ये एका शुक्रवारी अण्णा पुतण्याच्या मुंजीला म्हैसूरला गेले. जाताना मला एक टिपण देऊन गेले. सर्व्हरची जागा भरली की जुने लॉग, म्हणजे मशीन आपोआप लिहीत जातं त्या नोंदी, कसे काढायचे, याचं. कंपनी तेव्हा नवे सर्व्हर घेत होती आणि जुन्यावर अण्णांनी स्वतः चालवून बघितलं होतं. नव्याची एक नक्कल उभी करायची आणि तिच्यावर मी चालवून बघायचं, एवढंच काम. "मी शेजारी नसेन," ते म्हणाले, "पण तुझं बघायची गरज नाही आता."

नक्कल उभी करायला चाळीस मिनिटं लागतात. मी सव्वा वाजता सुरू करणार होते. शुक्रवारी आमच्या कॅन्टीनला पुरी-सागू असतं, म्हणजे पुरी आणि भाज्यांचा इकडचा रस्सा, आणि दोनला संपतं. मैत्रिणी दाराशी उभ्या राहून बोलवत होत्या. मी टिपण वरून खाली वाचलं. अण्णांचं टिपण, त्यात काय चुकणार? चारशे अकरा वेळा चुकलं नव्हतं. मी खाली 'सं. दे., नवा सर्व्हर' लिहिलं, तारीख टाकली आणि जेवायला गेले. कारण सांगायला लाज वाटते इतकं ते लहान आहे. आई आजारी नव्हती, घर पडलं नव्हतं. पुरी-सागू.

जूनमध्ये कंपनीने टिपणांसाठी नवी जागा घेतली, छानशी वेबसाइट, शोधायची सोय वगैरे. अण्णांनी चारशे बारा टिपणं एकेक करून स्वतः तिकडे नेली. मग स्वतःच्या मशीनवरची जुनी प्रत पुसून टाकली, कागदही फाडले. एकच गोष्ट दोन जागी लिहिलेली असली की दोन्ही खोट्या होतात, असं ते म्हणत.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी सकाळी ड्यूटीवर प्रणीत होता. दोन महिन्यांपूर्वी लागलेला, सरळ, सांगितलं तेवढं करणारा. सर्व्हरची जागा भरत आली म्हणून गजर वाजला. त्याने टिपण शोधलं, खाली दोन सह्या बघितल्या, ओळी उचलल्या आणि चिकटवल्या. त्याचं काहीच चुकलं नाही. टिपणाची चौथी ओळ म्हणत होती, लॉगच्या फोल्डरमध्ये जा. पाचवी म्हणत होती, तू जिथे आहेस तिथलं नव्वद दिवसांपेक्षा जुनं सगळं काढून टाक. नव्या सर्व्हरवर त्या नावाचं फोल्डरच नव्हतं. चौथी ओळ फसली आणि मशीन होतं तिथेच उभं राहिलं. ते उभं होतं पेशंटच्या रिपोर्टांच्या फोल्डरमध्ये. पाचव्या ओळीने तिथलं साफ केलं.

अण्णा असल्या दोन ओळींच्या मध्ये नेहमी एक अट घालत, 'चौथी जमली तरच पाचवी.' या टिपणात ती अट नव्हती. चारशे बारांत एकदा ती त्यांच्याकडून राहिली होती. कुणाकडूनही राहते. ते हे जाणून होते, म्हणून तर दुसऱ्या सहीचा खटाटोप. मी ती चाळीस मिनिटं दिली असती तर नकलेवरचे खोटे रिपोर्ट उडाले असते, मी हसले असते, त्यांनी कागदावर लिहिलं असतं, 'चौथ्या ओळीला पडली', आणि गोष्ट तिथेच संपली असती.

बॅकअप होता, पण सगळं परत आणायला पाच दिवस गेले आणि मधल्या सहा आठवड्यांचं काही आलंच नाही. एक मोठी लॅब आम्हाला सोडून गेली.

आमच्याकडे असं काही झालं की एक बैठक होते. तिचा पहिला नियम, दोष कुणालाच द्यायचा नाही. तो फळ्यावर लिहितातसुद्धा. तोंडाने देता येत नाही म्हणून मग सगळे तो डोळ्यांनी देतात. बैठक विद्याधरने घेतली. तो आमचा मॅनेजर, ठाण्याचा, दर वाक्यात दोन इंग्रजी शब्द घातल्याशिवाय श्वास न घेणारा. त्याने टिपण पडद्यावर लावलं. खाली दोन सह्या दिसत होत्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. मला वाटलं, खोलीतल्या प्रत्येकाला माझ्या तोंडाला सागूचा वास येतोय.

विद्याधरने विचारलं, "संयोगिता, जस्ट टू कन्फर्म, नव्या सर्व्हरवर तू हे रन केलं होतंस ना?"

माझ्या आधी अण्णाच बोलले. "तिला काय विचारता? सही आहे तिची." आणि माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, जणू मला धीर देत होते. मी 'हो' म्हणाले. चाललं होतं, म्हणाले. सप्टेंबरमध्ये मला टीम लीडची जागा मिळणार होती, हे खरं आहे. पण तेवढंच कारण होतं असंही नाही. त्या क्षणी 'नाही' हा शब्द मला सापडला नाही आणि 'हो' हा हाताशी होता. माझ्या मशीनवर काय चालवलं याची नोंद कुणी तपासली नाही, कारण अण्णांनी सही आहे म्हटल्यावर तपासणं म्हणजे त्यांचा अपमान होता. त्याच दुपारी मी माझं मशीन कोरं करून घेतलं. आयटीवाल्या मुलाला सांगितलं, फार हळू चालतंय.

तरीही, इथपर्यंत मी फक्त खोटारडी होते. दुसऱ्या दिवशी चार वाजता अण्णांनी मला खाली चहाच्या गाडीपाशी बोलावलं. दोन दिवसांत माणूस वाळल्यासारखा दिसत होता. चहा हातात घेऊन ते प्यायले नाहीत.

"एक विचारतों. नीट आठवून सांग. एप्रिलात तू चालवलंस तेव्हा चार आणि पाचच्या मध्ये ती अट होती का?"

त्यांचा प्रश्न मला लगेच कळला. टिपण माझ्या हाती नव्या सर्व्हरवर चाललं होतं, असं ते धरून चालले होते. म्हणजे तेव्हा त्यात अट असणार. आज नाही, म्हणजे जूनमध्ये टिपणं हलवताना त्यांच्याच हातून ती ओळ गळली. आणि गळली, हे त्यांना आठवत नव्हतं. त्यांना नोकरीची भीती नव्हती. वडील संध्या करताना थांबले होते तो दिवस त्यांच्यापुढे उभा होता. मी 'नव्हती' म्हटलं असतं तर माझं खोटं उघडं पडलं असतं. मी 'होती' म्हटलं तर त्यांचं डोकं गेलं असं ठरणार होतं. दोन्ही मला तिथे उभ्या उभ्या स्वच्छ दिसत होतं.

"होती वाटतं, अण्णा," मी म्हणाले.

ते म्हणाले, "सरी." चहा त्यांनी गाडीशेजारच्या बादलीत ओतला.

त्यानंतर त्यांनी सगळी चारशे बारा टिपणं पुन्हा तपासायला घेतली. दिवसाला दहा व्हायची, मग चार, मग एक. एखादी ओळ वाचायचे, आणि ही मीच लिहिली का, हिच्यात काही होतं का, म्हणून तासभर बघत बसायचे. मला विचारायला यायचे. मी उत्तरं द्यायचे, आणि यात मी खरी उत्तरं द्यायचे, त्याचा काही उपयोग नव्हता. बैठकीत कुणाचं नाव आठवायला क्षणभर लागलं की गप्प व्हायचे आणि मग बैठक संपेपर्यंत बोलायचे नाहीत. इतरांनाही दिसू लागलं. माणूस पडतोय असं एकदा ठरलं की त्याचं प्रत्येक पाऊल घसरल्यासारखं दिसतं. विद्याधर कनवाळूपणे म्हणाला की, अण्णांना रेस्टची गरज आहे. दसऱ्याच्या आधी अण्णांनी राजीनामा दिला. केक कापला, शाल दिली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून ते सगळ्यांसमोर म्हणाले की, संग्रह चांगल्या हातात जातो आहे.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तशी मी त्या संग्रहावर बसले. टीम लीडही झाले. शेजारी बसून गप्प राहायची पद्धत पहिल्या महिन्यातच बंद केली. वेळ फार जातो, असं कारण मी लिहिलं. खरं कारण, ती खुर्ची मला बघवत नव्हती.

जानेवारीत अहल्याक्कांचा फोन आला. अहल्याक्का म्हणजे अण्णांच्या बायको. वर्षातून दोनदा आमच्यासाठी चिरोटी पाठवणाऱ्या, एवढीच माझी ओळख. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. डॉक्टरांना दाखवलं, सगळ्या तपासण्या केल्या, काही नाही. डोकं तरुण माणसासारखं आहे म्हणाले. पण अण्णा मानायला तयार नाहीत. डॉक्टर बाळबोध प्रश्न विचारतात म्हणतात, वडिलांनाही सुरुवातीला सगळी उत्तरं येत होती म्हणतात. गाडी चालवायची सोडली. गॅसला हात लावत नाहीत. फाटकापलीकडे एकटे जात नाहीत.

"तू एक कर," त्या म्हणाल्या. "त्यांना येऊन सांग की चूक तुझी होती. टिपण तू चालवलंच नव्हतंस असं काहीतरी सांग. खोटंच सांग. तुझं काय जातंय, तू तरुण आहेस, कुणी तुला काही करणार नाही. तुझं ते ऐकतील."

फोन ठेवल्यावर मी रडले, हेही लिहून ठेवते. पण त्यातलं निम्मं रडू स्वतःसाठी होतं. मी आपण होऊन गेले असते तर त्याला कबुली म्हणता आलं असतं. आता मला खरं बोलायचं होतं आणि ते खोटं म्हणून मागवलेलं होतं.

तरी रविवारी सकाळी गेले. जुनं घर विकून त्यांनी हेब्बाळला फ्लॅट घेतला होता, सहाव्या मजल्यावर, गॅलरीतून तळं दिसतं असा. अण्णा गॅलरीत बसले होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, पण नाव घ्यायच्या आधी ते किंचित थांबले. नाव आठवत होतं. ते बरोबर आहे ना याची खात्री करत होते. कॉफीत साखर किती, हे त्यांनी अक्कांना विचारलं. घरात तीस वर्षं तेच स्वतः सगळ्यांची कॉफी करत. अक्का आत गेल्यावर मी विचारलं, संध्या करता का? ते म्हणाले, सोडली. मध्येच अडण्यापेक्षा न केलेली बरी.

मी सांगितलं. एकदाही न थांबता सगळं सांगितलं. "अण्णा, मी ते टिपण चालवलंच नव्हतं. अट तुमच्या टिपणात कधीच नव्हती, ती लिहायची तुमच्याकडून राहिली होती, इतकंच. जूनमध्ये तुमच्या हातून काही गळलं नाही. तुम्ही काहीही विसरला नाहीत."

त्यांनी विचारलं, "मग त्या दिवशी काय केलंस?"

"पुरी-सागू खायला गेले."

ते हसले, खळखळून. मी कित्येक महिन्यांत त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "हे मात्र छान रचलंस," ते म्हणाले. "अहल्येने फोन केला होता ना तुला? मला ऐकू आलं होतं. भिंती पातळ आहेत इथल्या."

मी शपथ घेतली. बैठकीत कशी खोटं बोलले ते सांगितलं, मशीन कोरं करून घेतलं ते सांगितलं. चहाच्या गाडीपाशी तुम्ही विचारलंत तेव्हा तुमच्या मनात काय चाललंय हे कळत असून मी खोटं बोलले, असंही सांगितलं. त्यावर ते जरा गंभीर झाले. कॉफीचा पेला खाली ठेवला.

"का बोलशील तू असं?" त्यांनी विचारलं.

लीडची जागा म्हणाले असते तर तेही पुरतं खरं नव्हतं. कारण शोधत मी गप्प बसले आणि त्या गप्प बसण्याचा त्यांनी त्यांना हवा तो अर्थ घेतला.

"सुम्मने, उगीच कशाला स्वतःला काळं फासून घेतेस," ते म्हणाले. "तू तसली मुलगी नाहीस. बाकी सगळं जाईल तर जाईल, पण माणूस मला ओळखता येतो. एवढं तरी अजून राहिलंय माझं."

मी तरीही खरं लावून धरलं असतं तर त्यांचं ते उरलेलंही गेलं असतं, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. पुष्कळ गोष्टी मी स्वतःला सांगते. पण खरं हे आहे की ते हसले तेव्हाच माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. मी कबूल केलं होतं आणि मला काही भोगावं लागणार नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं. मग त्यांनी ऑफिसातल्या एकेकाची चौकशी केली आणि सगळ्यांची नावं बरोबर घेतली.

अहल्याक्का लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. घराचं दार त्यांनी ओढून घेतलं आणि तशाच दाराची कडी धरून उभ्या राहिल्या.

"मी आतून ऐकत होते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुला खोटं सांग म्हणाले होते मी. पण तू बोलत होतीस ना, ते मला रचल्यासारखं वाटलं नाही. ते पुरीचं वगैरे. खरं सांग मला. ते तसंच झालं होतं का? तसं असेल तर मी त्यांना पटवते. माझं आज ना उद्या ऐकतील. नसेल तरी सांग, मी काही म्हणणार नाही."

लिफ्ट खालून वर येत होती. आकडे दिसत होते. तीन. चार. त्यांचे डोळे माझ्या तोंडावर होते आणि त्यांना काय ऐकायचं होतं हे लहान मुलालाही कळलं असतं. मी 'हो' म्हटलं असतं तर महिन्या-दोन महिन्यांत अण्णा फाटकाबाहेर पडले असते. आणि या बाईने मला जन्मभर ओळख दाखवली नसती, विद्याधरला फोन केला असता, संग्रहावरचं माझं नाव गेलं असतं.

"नाही अक्का," मी म्हणाले. "तुम्ही सांगितलंत म्हणून बोलले."

त्यांनी कडी सोडली.

"सरी," त्या म्हणाल्या. "स्वल्प आशा वाटली होती." आणि लिफ्ट आली तेव्हा, मी नीट आत जाईपर्यंत, त्यांनी तिचं दार हाताने धरून ठेवलं.